साधेपणाचा हिशेब

मनुष्याला किती पुरे, हा प्रश्न फार जुना आहे. त्यागाची थोरवी सांगणाऱ्यांनी आणि भोगाची बाजू मांडणाऱ्यांनी त्याची उत्तरे आपापल्या परीने दिली. परंतु उभयतांनी तो बहुधा अन्न, वस्त्र आणि द्रव्य यांच्याच संबंधात विचारला. यंत्राच्या बाबतीत तोच प्रश्न निराळे रूप घेतो. यंत्राचा एखादा भाग आपण टाकून दिला, तरी त्याचे काम नाहीसे होत नाही; ते दुसऱ्या कोणावर तरी जाऊन पडते. हे विधान स्पष्ट करण्यासाठी आम्ही एक लहानसे उदाहरण घेणार आहोत. विषय क्षुल्लक म्हणून वाचकांनी कपाळास आठ्या घालू नयेत. क्षुल्लक वस्तूंच्या निवडीतच मनुष्याची खरी नीती पुष्कळदा उघडी पडते.

आमच्या प्रताप नगरातील एखादा तरुण सुटे भाग जमवून डोंगरी सायकल स्वतः उभी करू लागला आहे, असे समजा. फ्रेम आली, चाके आली, आणि आता त्याच्यापुढे प्रश्न आहे तो पुढच्या डिरेलरचा. पेडलांपाशी एकाहून अधिक दातेरी चक्रे असली, म्हणजे साखळी एकावरून दुसऱ्यावर ढकलणारा जो लहानसा पिंजरा असतो, तोच हा पुढचा डिरेलर. त्याची निवड वाटते तितकी सोपी नाही. फ्रेमची ज्या नळीवर तो बसावयाचा ती २८.६, ३१.८ की ३४.९ मिलिमीटर जाडीची; त्याची तार वरून येणार की खालून; पिंजऱ्याची वक्रता मोठ्या चक्राच्या गोलाईशी जुळते की नाही; या सर्वांचा विचार करावा लागतो. बसविताना पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चक्राच्या दात्यांच्या वर एक ते तीन मिलिमीटर राहावी लागते. शिवाय त्यास दोन मर्यादेचे स्क्रू असतात: एक साखळीला आत पडू देत नाही, दुसरा बाहेर. ते नीट लावले नाहीत, तर उत्तम डिरेलरही साखळी पाडतो.

इतका खटाटोप करण्यापूर्वी त्या तरुणास एक प्रश्न हमखास विचारला जातो: हा भाग मुळात हवाच कशाला? २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एकच चक्र आणि मागे अकरा अशी रचना बाजारात आणली, आणि तेव्हापासून डोंगरी सायकलींतून पुढचा डिरेलर हळूहळू नाहीसा होत गेला. आज कित्येक फ्रेमींवर तो बसविण्यास जागाच ठेवलेली नसते. या नव्या मताच्या लोकांची बाजू लंगडी नाही. पुढे ४४, ३२ आणि २२ दात्यांची तीन चक्रे आणि मागे ११ पासून ३४ दात्यांपर्यंत नऊ, अशी जुनी मांडणी घेतली तर मोजण्यास सत्तावीस गिअर होतात. परंतु पुढे ४४ व मागे ३४, आणि पुढे २२ व मागे १७, या दोहोंचे गुणोत्तर तंतोतंत एकच येते. अशा जोड्या आणखीही निघतात. सत्तावीसांतले पुष्कळसे गिअर म्हणजे एकाच वस्तूची दोन नावे होत. संख्येच्या या वैभवाला भुलू नये, असे कोणी म्हणाल्यास आम्ही त्याच्याशी सहमत आहोत.

परंतु येथेच तो ‘साधेपणा’ हा शब्द उच्चारतो, आणि आमचा मतभेद सुरू होतो. पुढच्या एका चक्राचा साधेपणा डोळ्यांस दिसतो तो पुढे; त्याची गुंतागुंत गेली आहे मागे. ३२ दात्यांच्या एकाच चक्राने जुन्या तीन चक्रांचा सोपेपणा साधावयाचा, तर मागे १० पासून ५१ दात्यांपर्यंत बारा चक्रांचा संच लागतो. त्यावर अरुंद साखळी, ती उडू नये म्हणून पुढच्या चक्राचे आळीपाळीने जाड व बारीक केलेले दाते, आणि मागच्या डिरेलरला साखळी ताणून धरणारी निराळी यंत्रणा. हे सर्व उत्तम चालते, हे आम्ही मान्य करतो. सर्वांत सोपा गिअर तर जुन्याहूनही किंचित सोपाच मिळतो. पण जे घडले ते त्याग नव्हे, स्थलांतर होय. ज्या घरची बैठक मोकळी आणि टापटीप दिसते, त्या घरी स्वयंपाकघरात कोणीतरी पहाटेपासून राबत असते. पाहुण्याने बैठकीची स्तुती करावी, परंतु तिला वैराग्य म्हणू नये.

याहून वाईट प्रकार अनुकरणाचा. मागचा महागडा संच घेण्याची ऐपत नाही, परंतु सायकल मात्र नव्या तऱ्हेची दिसावी, म्हणून कोणी पुढचा डिरेलर आणि दोन चक्रे काढून टाकतो, आणि मागची ११ ते ३४ ची जुनीच चक्रे कायम ठेवतो. आता त्याचा सर्वांत सोपा गिअर २२ भागिले ३४ होता, तो ३२ भागिले ३४ झाला. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात त्याच चढावर सुमारे पंचेचाळीस टक्के अधिक जोर लावावा लागणार. साधेपणाचे बिल मागच्या चक्रांनी फेडले नाही, तेव्हा ते गुडघ्यांनी फेडावयाचे.

कोणी म्हणेल, शरीराला कष्ट पडले तर बिघडले काय? कष्टात पुरुषार्थ आहे. हा वादही आजचा नाही. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन येथील पॉल द विवी, ज्यास लोक ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखीत, आयुष्यभर सांगत राहिला की, गिअर बदलता यावेत, म्हणजे सामान्य मनुष्यही डोंगर पाहील. त्याच्या उलट, १९०३ मध्ये टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज डिरेलरला उतारवयाच्या माणसांचे साधन समजे. विजय स्नायूंचा असावा, यंत्राच्या युक्तीचा नसावा, अशी त्याची भूमिका होती. त्या शर्यतीत डिरेलरला मोकळीक मिळाली ती १९३७ मध्ये, देग्रांजच्या हातून सूत्रे गेल्यानंतर. देग्रांजच्या मतात एक रांगडे तेज आहे खरे. पण कष्टाची ही थोरवी गाणारा त्या शर्यतीत स्वतः पेडल मारीत नव्हता, हे विसरता येत नाही.

आणि कष्ट निवडणे निराळे, कष्ट वाट्याला येणे निराळे. नागपुरातील सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसास एकच गिअर मिळाला. दोन माणसे आणि त्यांचे सामान घेऊन पुलाचा चढ लागला, की तो उतरून रिक्षा हाताने ओढी. त्याच्या त्या एका गिअरला कोणी संयम म्हटले नाही, कारण तेथे निवडच नव्हती. येथून पाऊणशे किलोमीटरांवर सेवाग्रामला ज्यांनी पुढे आश्रम मांडला, त्या गांधीजींनी यंत्रांचा मोह निषेधिला. तथापि १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा त्यांनी आवर्जून अपवाद केला, कारण ते बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी निर्माण झाले, असे ते मानीत. श्रम हलके करणारे साधन आणि माणसाला निकामी करणारे साधन, हा भेद त्यांनी सोडला नाही. सोप्या गिअरची गणना आम्ही पहिल्या वर्गात करतो.

आता शेवटचा आक्षेप. नागपूर सपाट, प्रताप नगरापासून अंबाझरी-फुटाळ्याच्या बाजूला गेले तरी चढ म्हणण्याजोगा तो सेमिनरी हिल्सचा. मग एवढ्या सोप्या गिअरचे प्रयोजन काय? आक्षेप वाजवी आहे, आणि पुष्कळांनी तो मानावा. जो तरुण कचेरीला आणि तलावावरच जाणार, त्याने डोंगराच्या नावाने भाग विकत घेणे म्हणजे स्वतःचे एक खोटे चित्र विकत घेणे होय. परंतु राहण्याच्या जागेवरून गरज ठरत नाही. याच सपाट नागपुरातील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने पुरी केली. वाटेत रॉकी पर्वत होता. आणि इतके दूर कशाला, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढावयाचा ठरले, तर सपाटीचे हिशेब पायथ्याशीच संपतात.

म्हणून साधनाची परीक्षा आपल्या उत्तम दिवसावरून करू नये. थकव्याच्या, पाठीवर ओझे असलेल्या, उन्हाने जीव कासावीस झालेल्या घटकेवरून करावी. मात्र ‘कदाचित लागेल’ या शब्दांना अंत नसतो. तेथे डिरेलरच्या त्या दोन स्क्रूंप्रमाणे आपल्यालाही दोन मर्यादा हव्यात: या वर्षात खरोखर जाणार आहे तो चढ कोणता, आणि बिघडल्यास हे आपल्या गल्लीतला कारागीर नीट करू शकेल काय?

या दोन प्रश्नांनी त्या तरुणाची निवड पुष्कळशी सुटते. फ्रेमवर जागा आहे आणि पैसा बेताचा आहे, तर पुढे ३८ आणि २४ ची दोन चक्रे, मागे ११ ते ३६ ची दहा, आणि त्यांस साजेसा डिरेलर त्याने निःसंकोच बसवावा. तीन चक्रांचे पुनरुक्त वैभव सोडून त्यांचा बहुतेक लाभ त्यास मिळेल. फ्रेमच एका चक्रासाठी घडविली असेल, तर एकच चक्र घ्यावे आणि मागच्या संचाची पुरी किंमत मोजावी. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक एवढेच, की भार दुसऱ्यावर टाकावा, मग ते दुसरे आपलेच गुडघे का असेनात, आणि त्याला साधेपणा म्हणावे.