न मम

यज्ञात आहुती दिल्यावर यजमान 'न मम' म्हणतो, हे माझे नाही. शब्द इतके ओळखीचे की त्यांच्या आधी काय म्हटले जाते, तिकडे आपले लक्षच जात नाही. आधी म्हटले जाते की हे अग्नीचे, हे इंद्राचे. म्हणजे घेणारा कोण ते अगोदर सांगायचे, त्याला मानवेल तेच त्याच्या मुखी घालायचे आणि मग कुठे आपला हात मोकळा करायचा.

आता वडीगोद्रीहून दक्षिणेला, शहागडच्या पुलावर या. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो आणि घरचे निर्माल्य तिला वाहण्याची आपली श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. झेंडूच्या माळा, बेलपाने, नवरात्रातल्या घटाचे धान एका पातळ पिशवीत भरून, तोंडाला गाठ मारून ती कठड्यावरून खाली सोडली जाते, हात जोडले जातात, आणि मनातल्या मनात 'न मम' म्हणून होते. फुले गंगेची, हे मान्य; पण पिशवी कोणाची? आणि गाठ पक्की असेल तर फुलेही गंगेला पोचत नाहीत, आतल्या आत कुजतात.

ही पिशवी उन्हाळ्यात एखाद्या बंधाऱ्याशी अडून राहते, पूर ओसरला की बाभळीच्या काट्यांना लोंबते, आणि उरलेली पुढे जाते. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. त्या पाण्यासाठी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश न्यायालयात 'मम, मम' म्हणत भांडले. त्याच पाण्यातून जाणाऱ्या कचऱ्यावर मात्र कोणीच दावा सांगितला नाही. १,४६५ किलोमीटरची ही नदी राजमहेंद्रीच्या खाली गौतमी, वसिष्ठा अशा शाखांनी बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे उन्हाने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकचे कण मासे गिळतात, आणि तरंगती पिशवी जेलीफिश समजून कासव खाते. मग घेणाऱ्याचे नाव घेऊनच आहुती द्यायची, तर 'हे कासवाचे, न मम' असे म्हणायला आपली जीभ वळेल का?

शेतातही तेच. टरबुजाखालचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर काढताना फाटतो, तुकडे काळ्या रानात राहतात, रोटाव्हेटर त्यांचे आणखी तुकडे करतो, आणि पहिल्या जोरदार पावसात ते ओढ्याने गंगेकडे निघतात. इथे तर 'न मम' म्हणायचीही कोणाला गरज वाटत नाही.

पैठणच्या नाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. काशीहून रामेश्वराला निघालेली कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. त्या क्षणी त्यांनी पुण्याला 'न मम' म्हटले, आणि तहान मात्र आपली मानली. आपण नेमके उलट करतो; पुण्य पदरात बांधून घेतो आणि झळ दुसऱ्याच्या दारी सोडतो.

मोठ्यांचेही निराळे नाही. भारताच्या २०१६च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांवर वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली, तरी पिशवी नदीत जातेच आहे. २०२२ साली नैरोबीत राष्ट्रांनी प्लास्टिकवरच्या जागतिक कराराचा संकल्प सोडला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाहून ती कराराविना परतली.

कोणी म्हणेल, बरे, फुले सोडतो आणि पिशवी घरी आणतो. आणावीच, पण उकिरड्यावर टाकली तर मृगाच्या वाऱ्याने ती ओढ्यात जाते, पेटवली तर तिचा विषारी धूर शेजारच्या ओट्यावर. एका घराचे 'मम' इथे अपुरे पडते, ते साऱ्या गावाने ग्रामसभेत म्हणावे लागते, म्हणजे मग साठवणीला एक खोली आणि भंगारवाल्याचा एक ठरलेला वार निघतो. तो ड्रिपच्या जुन्या नळ्या आनंदाने नेईल. पातळ पिशवीकडे मात्र ढुंकूनही पाहणार नाही, कारण काट्यावर तिला वजनच नाही. तिला अडवायचे ते दुकानाच्या गल्ल्यापाशीच, आणि राज्याची बंदी तर मार्च २०१८ पासून आहे.