भोक हे कारण असतं का?

नसलेली गोष्ट एखाद्या कार्याचं कारण होऊ शकते का? न्यायदर्शन मानणारे नैयायिक आणि मीमांसादर्शन मानणारे मीमांसक यावर शतकानुशतकं भांडले. जन्म टूलरूममध्ये घालवलेल्या फिटरनं त्या भांडणात पडायचं काही कारण नव्हतं. पण निवृत्तीनंतर मी तर्कसंग्रह हा न्यायशास्त्राचा ग्रंथ वाचायला घेतला आणि त्याच सुमारास शेजारच्या अण्णांचा ट्रॅक्टर अडला.

करड्या रंगाचा, पेट्रोलवरचा फर्ग्युसन टीई-२०. कोव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात असे ५ लाखांहून जास्त तयार झाले. ताथवड्यातली शेतं इमारतींखाली गेली. वडिलांचा ट्रॅक्टर तेवढा अण्णांनी राखला. कार्बोरेटर पुरता उघडून नवा किट घातला होता. सुई, जेट, पॅकिंग, सगळं नवं. तरी चोक ओढला की चालायचा, चोक सोडून रेस खाली आणली की बंद. रेस धरून ठेवली तर बिनतक्रार. अण्णा म्हणाले, "भाऊ, जीवच राहिला नाही त्याच्यात."

मीमांसकही असंच म्हणाला असता. आगीजवळ चंद्रकांत मणी ठेवला की ती जाळत नाही, हा शास्त्रातला ठरलेला दाखला. मीमांसकाच्या मते आगीत दाहशक्ती असते आणि मणी ती घालवतो. न्यायकुसुमांजली लिहिणाऱ्या नैयायिक उदयनाचार्यांना असली अदृश्य शक्ती मानायची गरज वाटत नाही. आग आहे, लाकूड आहे. मणी नसणं हेही कारणांतच धरा, भागलं. याला प्रतिबंधकाभाव म्हणतात.

मी उदयनाचार्यांच्या बाजूनं पाना हातात घेतला. रेसवर चालतोय, म्हणजे मेन जेट आणि फ्लोट ठीक. चोकनं हवा अडते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय ते स्लो जेटच्या वाटेनं. बाऊल उतरवला. स्लो जेट फुंकून पाहिला, साफ होता. मग नवं पॅकिंग जुन्यावर ठेवून उजेडाकडे धरलं. जुन्याला कडेशी बारीक भोक होतं, नव्याला तिथे कोरा कागद. पंच मारून तेवढी टिकली उडवली, जोडलं, आणि इंजिन स्लोवर टिकलं.

मीमांसक इथे हरकत घेईल: भोक कुठे पेट्रोल ढकलतं? बरोबर आहे. बाऊलमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, थ्रॉटलपलीकडे तो कमी असतो. ढकलतो तो हा फरक. भोक स्वतः काहीच करत नाही. पण ते नसेल तर बाकी सगळ्यांचं करणं फुकट. कारणांच्या यादीत त्याला जागा द्यावीच लागते.

मात्र सगळी भोकं सारखी नसतात. मॅनिफोल्डच्या जोडातून हवा शिरत असेल तरी लक्षण हेच दिसतं: चोकवर चालतो, सोडला की बंद. म्हणून बाऊलला हात लावण्याआधी मी त्या जोडावर पाणी फवारून पाहिलं होतं. आवाज बदलला नाही. एकच दुखणं, एकीकडे भोक नसल्यामुळे, दुसरीकडे असल्यामुळे. नैयायिक यासाठीच नुसता 'अभाव' ऐकून घेत नाही. कशाचा आणि कुठे, हे दोन्ही सांगावं लागतं.

आमच्याकडे नृसिंहाच्या देवळात कीर्तनाला बसलं की 'रिकामे व्हा, मग देव भरेल' हे हमखास कानावर येतं. मला ते अर्धंच पटतं. रागातून रिकामा झालेला माणूस आणि जबाबदारीतून रिकामा झालेला माणूस, दोघेही वरून सारखेच शांत दिसतात. पहिल्याची वाट मोकळी झालेली असते, दुसऱ्याचा जोड सुटलेला असतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. कृपा कमी पडतेय असं वाटलं की आपण भर घालतो: आणखी एक उपास, आणखी एक नवस, आणखी एक पारायण. अण्णांच्या ट्रॅक्टरची वाट मात्र अडवली होती ती नव्यानं घातलेल्या वस्तूनंच. पारायण झालं की 'माझं पारायण' हा अभिमान उरतोच. म्हणून आता कुणी नवं व्रत सुचवलं की मी आधी विचारतो, यानं कुठली वाट मोकळी होणार आहे, आणि कुठली झाकली जाणार आहे?