नावाचा अर्थ कोशात नसतो

तलवाडा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं, त्वरितादेवीचं गाव. या भागातल्या साठी-सत्तरीच्या पुरुषांची नावं ऐकत गेलं की परिसरातली सगळी देवस्थानं डोळ्यांपुढे येतात. वैजनाथ म्हटलं की परळी, अंबादास म्हटलं की अंबाजोगाई नाहीतर तुळजापूर, गहिनीनाथ म्हटलं की पाटोदा तालुक्यातला गड, मच्छिंद्र म्हटलं की आष्टीकडचं सावरगाव, कानिफ म्हटलं की शेजारच्या जिल्ह्यातली मढी. जुळे झाले तर लहू आणि अंकुश. आता याच घरांत आरव, रेयांश आणि विहान रांगू लागले आहेत. जुन्या नावांना तरुण हसतात, नव्या नावांवर म्हातारे नाक मुरडतात. दोघेही नावाच्या शब्दातच अडकलेले असतात. ते ठेवताना घराच्या मनात काय होतं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते नावाचा खरा अर्थ तिथे असतो.

सगळ्यांत जास्त हसू होतं ते दगडू, धोंडिबा, केरबा, भिकाजी, उकंडा या नावांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे दोनशे बाळं वर्षही पुरं करत नसत. एकामागून एक लेकरं गेलेल्या आईला पुढचं लेकरू वाचवायचं असे. मग ते उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलायचं, भीक म्हणून मागून घ्यायचं किंवा दगड म्हणून हाक मारायची, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडणार नाही आणि त्याला दृष्ट लागणार नाही. पाचवीला सटवाई कपाळावर नशीब लिहिते, या श्रद्धेपोटी तिच्याच स्वाधीन केलेला मुलगा सटवाजी होई. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही कुणी धोंडिबा झाला असेल. पण बहुतेक ठिकाणी या ओबडधोबड नावांत घरातली सर्वांत हळवी इच्छा दडलेली होती. दगडूला हसणारा खरं तर त्याच्या आधी गेलेल्या भावंडांना हसत असतो.

दुसरं कारण ऋणाचं. नवस केला, मूल झालं, तर देवाचं नाव मुलाला द्यायचं. या व्यवहारात धर्माची कुंपणं फारशी आड येत नसत. वेरुळच्या मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या कृपेची खूण म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. पिराजी आणि फकीरा ही नावं आजही हिंदू घरांत सापडतात. ही भावना एकट्या आपल्या मुलखाची नव्हे. आयर्लंडमध्ये संत पॅट्रिकचं नाव कित्येक शतकं मुलाला थेट ठेवण्याइतकं साधं मानलं जात नव्हतं. पॅट्रिकचा सेवक या अर्थाचं ‘गिला फाड्रिग’ हे नाव ठेवत. आपल्याकडे अंबादास किंवा रामदास ठेवताना हीच नम्रता असते.

तिसरी गोष्ट प्रतिष्ठेची, आणि ती दुखरी आहे. नावापुढचं ‘राव’ आणि ‘जी’ सर्वांच्या वाट्याला येत नसे. दलित वस्तीतल्या वयोवृद्ध नामदेवाला गावातलं पोरही ‘नाम्या’ म्हणे, तुकारामाचा ‘तुक्या’ होई. म्हणूनच १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद आणि मिलिंद जन्माला आले, ही मोठी घटना होती. बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजा मिनँडरचं मिलिंद हे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयालाही दिलं. तोडून हाक मारता येऊ नये, असं नाव मुलाला देणं हाच एक निषेध होता. पुढे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात लोकांची घरं जळाली, माणसं मारली गेली. ‘नावात काय आहे’ असं मराठवाड्यात तरी कुणी सहज म्हणू नये.

मुलग्यांच्या नावांचं हे सगळं वैभव मांडताना त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दगडूला हीन नाव मिळालं ते तो हवा होता म्हणून. नकुसाला मिळालं ते ती नको होती म्हणून. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ज्या जिल्ह्यात मुलग्यासाठी इतके नवस बोलले गेले, तिथे कितीतरी मुलींचं नाव ठेवण्याचीही वेळ येऊ दिली गेली नाही.

आता आजच्या नावांकडे येऊ. नवं नाव ठेवण्यात काहीच गैर नाही. मिलिंदही एके काळी नवाच होता. खटकतं ते हे, की राशीचं अक्षर कळलं की मोबाइलवरच्या यादीतून नाव उचललं जातं आणि शेजारी छापलेला अर्थ खरा मानला जातो. आरव म्हणजे शांत, असं या याद्या सांगतात. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गर्जना. अर्थ चुकला तरी एक वेळ चालेल, धोंडिबाचा शब्दार्थही कुणाला नको होता. पण धोंडिबाच्या आईजवळ सांगायला कारण होतं. ‘हेच नाव का?’ या मुलाच्या प्रश्नाला ‘यादीत छान वाटलं’ एवढंच उत्तर उरलं, तर आपण त्याला एक गोड आवाज दिला, पण घराच्या आठवणीतला त्याचा वाटा दिला नाही.

म्हणून बारशाच्या दिवशी आत्याने कानात ‘कुर्रर्र’ करण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून ठरवावं की हे नाव कशासाठी. आजोबांच्या स्मृतीसाठी, एखाद्या विचारासाठी, गोदाकाठच्या या मातीसाठी किंवा अगदी निखळ आनंदासाठी. कोणतंही कारण चालेल, फक्त ते आपलं असावं आणि मुलीसाठीही तितक्याच आस्थेनं शोधलेलं असावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आहे. कागदावर जागा मिळालेल्या त्या आईला नाव ठरवतानाही पहिला शब्द मिळायला हवा, कारण दगडूपासून सटवाजीपर्यंतच्या नावांमागची भीती आणि आशा सर्वांत आधी तिनेच सोसली आहे.