शनिवारी न खेळणारा संघ

शुक्रवार, 6 मार्च 2020. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या क्रीडागृहात येशिवा विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मैदानात उतरला, तेव्हा प्रेक्षकांच्या जागेत चिटपाखरू नव्हतं. न्यूयॉर्कमधल्या या ज्यू विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला कोरोनाची लागण झाल्याचं नुकतंच उघड झालं होतं. संघाचं हॉटेलचं आरक्षणही ऐनवेळी रद्द झालं होतं. कोविडमुळे प्रेक्षकांविना झालेल्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या सामन्यांपैकी हा एक. तो दुपारीच उरकणं भाग होतं. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू होणार आणि मग या पोरांना सामना खेळता येणार नव्हता. येशिवानं वुस्टर पॉलिटेक्निकला 102–78 असं हरवलं, शब्बाथ पाळला आणि शनिवारी रात्री तो सुटल्यावर पेन स्टेट हॅरिसबर्गला 102–83 असं नमवून शेवटच्या सोळा संघांत धडक मारली.

या विद्यापीठाला असल्या यशाची सवय नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेचं दार त्यांच्यासाठी प्रथम उघडलं तेच 2018 मध्ये. अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडेच्या ज्या तिसऱ्या श्रेणीत ते खेळतात, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. विद्यार्थ्यांचा दिवस आधी तोरा-तालमूद या धर्मग्रंथांच्या अभ्यासात जातो आणि मग गणित, अर्थशास्त्र वगैरे विषयांत. त्यामुळे सराव उजाडता उजाडता. प्रशिक्षक एलियट स्टाइनमेट्झ पेशानं वकील. अशा संघानं 2019–20 च्या मोसमातला पहिला सामना ऑक्सिडेंटल कॉलेजकडून गमावला आणि त्यानंतर एकही नाही. 29 विजय, 1 पराभव. केसांना किप्पा ही ज्यूंची छोटी टोपी अडकवून धावणाऱ्या या पोरांची गोष्ट वर्तमानपत्रांना आवडणारच. ती सांगताना एक प्रश्न मात्र हमखास विचारला जायचा: हे यश शब्बाथ पाळल्यामुळे, की पाळूनसुद्धा?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे. नियम पाळायचा की नाही, हे निकालावरून ठरवायचं. संघ जिंकला तर नियम पावला, हरला तर आड आला. आपल्याकडच्या नवसाची भाषा हीच असते. अमुक झालं तर तमुक करीन. पण नवसात आधी फळ आणि मग फेड असते, इथे तर फळाची हमी कुणीच दिलेली नाही. आणि दिली होती असं मानायचं, तर 12 मार्च 2020 चं काय करायचं? येशिवाचा पुढचा सामना व्हर्जिनियात रँडॉल्फ-मेकनशी होता. 12 मार्चला सगळी स्पर्धाच रद्द झाली. सलग 29 विजय हे बक्षीस असेल, तर त्या दिवशीची शिक्षा कोणत्या पापाची?

हा पेच ज्यू परंपरेला नवा नाही. तालमूदच्या ‘किद्दुशीन’ या भागात एक बोचरी कथा येते. बाप मुलाला सांगतो, वर चढ आणि पिल्लं घेऊन ये. मुलगा चढतो, तोराच्या आज्ञेप्रमाणे आधी पक्षिणीला उडवून लावतो आणि मगच पिल्लं घेतो. बापाचं ऐकणं आणि आईला सोडून देणं, या दोन्ही आज्ञांना तोरामध्ये दीर्घायुष्याचं अभिवचन आहे. मुलगा उतरताना पडतो आणि मरतो. रब्बी याकोव यांनी यातून निष्कर्ष काढला की आज्ञापालनाचं फळ या जगात नसतंच. असा मृत्यू पाहूनच एलिशा बेन अबूया हा मोठा पंडित धर्मापासून दूर गेला, असंही तिथेच सांगितलं आहे. तालमूदनं दोघांनाही एकाच पानावर जागा दिली, हे मला त्या ग्रंथाचं मोठेपण वाटतं. त्याच्याही आधीचा सोखोचा अँटिगोनस शिष्यांना बजावत असे की मजुरीवर डोळा ठेवून धन्याची सेवा करू नका. गीता वाचलेल्या मराठी माणसाला हा सूर ओळखीचा वाटेल. फरक असलाच तर इतका, की गीतेत अर्जुनाला लढ म्हटलं आहे आणि इथे थांब म्हटलं आहे.

थांबायचं, पण कुठवर? येशिवाच्या संघाचं नावच इथे गंमत करतं. तो संघ ‘मॅकबीज’. इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास जेसन नावाच्या मुख्य पुरोहितानं जेरुसलेममध्ये ग्रीक धर्तीची व्यायामशाळा उभारली. थाळीफेकीचा इशारा झाला की पुरोहित वेदीवरची कामं टाकून तिकडे पळत, अशी तक्रार मॅकबीजच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. ग्रीक राजवटीचा आणि या नव्या चालीचा जाच वाढत गेला आणि काही वर्षांनी बंड झालं. ते करणाऱ्यांचं नाव आज एका बास्केटबॉल संघाला आहे. मूळ मॅकबींना हे कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, ही कल्पना न केलेली बरी.

त्याच बंडात दुसरी एक घटना घडली. रानातल्या गुहांत लपलेल्या धर्मनिष्ठांवर सैन्य नेमकं शब्बाथच्या दिवशी चालून गेलं. त्यांनी साधा दगडही उचलला नाही. बायकामुलांसह हजारभर माणसं मेली. तेव्हा बंडाचा म्होरक्या मत्ताथियस आणि त्याच्या साथीदारांनी ठरवलं की यापुढे कुणी चालून आलं तर शब्बाथलाही लढायचं. पुढे रब्बींनी तत्त्वच घालून दिलं, की जीव वाचवण्यापुढे जवळपास सगळ्या आज्ञा दुय्यम. म्हणून सनातनी ज्यू डॉक्टर शनिवारी अत्यवस्थ रुग्णासाठी गाडी काढतो आणि सनातनी ज्यू खेळाडू अंतिम सामन्यासाठी काढत नाही. शब्बाथचा नियम खेळाला तुच्छ लेखत नाही. पहाटे उठून खेळायला त्याची आडकाठी नाही. त्याला फक्त खेळ हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे मान्य नाही. ज्या देशात कॉलेजच्या प्रशिक्षकांना कोट्यवधींचे पगार मिळतात, तिथे हे म्हणणं पाखंडासारखंच.

निकालाशी संबंध नसलेलं पालन कसं दिसतं, हे पाहायला कोकणात यावं. अलिबागजवळच्या नवगावाला आपले पूर्वज गलबत फुटून लागले, असं कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएली, सांगत आले. बहुतेक धर्मग्रंथ आणि हिब्रूही विसरलेल्या या लोकांनी तेलाचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. सोमवारी घाणा न चालवणारे ते सोमवार तेली. शब्बाथच्या आज्ञेत जनावरांच्या विश्रांतीचाही उल्लेख आहे, म्हणजे घाण्याचा बैलही शनिवारी मोकळा. आठवड्यातल्या एका दिवसाच्या कमाईवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी सोडणाऱ्या या माणसांचं तेल इतरांपेक्षा सरस निघायचं का, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपल्याला हा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही.

एडिंबरा विद्यापीठाचा श्रद्धाळू ख्रिस्ती विद्यार्थी एरिक लिडेल 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या फेऱ्या रविवारी आल्या म्हणून त्या शर्यतीत धावला नाही. मग तो 400 मीटर धावला आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटानं ही कथा जगभर नेली आणि ती ऐकणारा जवळजवळ प्रत्येक जण पदकापाशी थांबतो. पण अमेरिकेत ज्यू बेसबॉलपटू सँडी कुफॅक्स 6 ऑक्टोबर 1965 रोजी योम किप्पूर हा पवित्र दिवस पाळून वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यातून बाहेर राहिला. त्याचा संघ 8–2 असा हरला. दुसऱ्या दिवशी तो खेळला आणि तोही सामना संघानं गमावला. पुढे मालिका त्यानंच जिंकून दिली हे खरं, पण त्या दोन दिवसांत त्याचा निर्णय चुकीचा होता आणि आठवड्यानं बरोबर ठरला, असं कोण म्हणेल?

लिडेलचं पुढचं आयुष्य मला त्या पदकापेक्षा अधिक बोलकं वाटतं. तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि युद्धात जपान्यांच्या वेशियेन इथल्या नजरकैदेत अडकला. तिथली मुलं रविवारी हॉकी खेळताना मारामारीवर येत. तेव्हा तो स्वतः रविवारी पंच म्हणून उभा राहिला, अशी आठवण छावणीत वाढलेल्यांनी पुढे सांगितली. फेब्रुवारी 1945 मध्ये तो त्याच छावणीत वारला. स्वतःच्या पदकासाठी न मोडलेला रविवार त्यानं दुसऱ्यांच्या पोरांसाठी सैल केला.

नियम आपला असला तरी त्याचा भार कधी कधी दुसऱ्यांवरही पडतो. ह्यूस्टनच्या बेरेन अकादमी या ज्यू शाळेचा संघ 2012 मध्ये टेक्सासच्या खाजगी शाळांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत पोचला आणि सामना नेमका शुक्रवारी रात्री आला. आयोजक संघटनेनं वेळ बदलायला नकार दिला. पालक न्यायालयात गेले, तेव्हा संघटना नमली आणि सामना दुपारी झाला. बेरेननं तो जिंकला आणि शनिवारी रात्रीचा अंतिम सामना अबिलीन ख्रिश्चनकडून 46–42 असा गमावला. दुसऱ्यांनी वेळापत्रक का हलवावं, हा प्रश्न फालतू नाही. पण रविवार मोकळा ठेवणारं वेळापत्रकही कुणाच्या तरी धर्मानंच आखलेलं असतं. बहुसंख्यांचा शब्बाथ दिनदर्शिकेत आधीच छापलेला असल्यामुळे तो सवलत वाटत नाही, इतकंच.

येशिवाची विजयमालिका कोविडनंतरही चालू राहिली. 2020–21 च्या आखूड मोसमात सातपैकी सात विजय मिळाले, पुढच्या मोसमात आणखी चौदा. एकूण 50. डिसेंबर 2021 मध्ये संघ आपल्या श्रेणीत देशात पहिल्या क्रमांकावर गेला आणि 30 डिसेंबरला इलिनॉय वेस्लियननं घरच्या मैदानावरच त्यांना 73–59 असं हरवलं. त्याही आठवड्यात शब्बाथ नेहमीच्याच वेळी आला.

संघाचा हुकमी खेळाडू रायन ट्युरेल 2022 मध्ये एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये, डेट्रॉइटच्या मोटर सिटी क्रूझ संघात गेला. तिथलं वेळापत्रक त्याच्यासाठी बदलणार नव्हतं. त्यानं तोडगा काढला: शब्बाथला गाडीत बसायचं नाही, मैदानापर्यंत चालत जायचं, आणि खेळायचं. हे पालन की पळवाट, यावर ज्यू घरांत आजही वाद होऊ शकतो, आणि त्याला आधारही जुना सापडतो. सोळाव्या शतकात सफेदच्या योसेफ कारोनं ‘शुल्हान आरुख’ या आचारग्रंथात शब्बाथला चेंडू खेळू नये असं लिहिलं. क्राकोच्या मोशे इसेर्लेसनं त्याच जागी टीप जोडली, की काही जण याला मुभा देतात आणि आमच्याकडे तसाच रिवाज आहे.