आधी कोणाला?

प्राणिमात्राच्या ठायी समभाव ठेवावा, हा आपल्या पंथाचा पहिला पाठ. वारीत थोर माणूस लहानाच्या पाया पडतो, लहान थोराच्या पडतो. पंगतीत पत्रावळ सर्वांची सारखी. पण एक प्रसंग असा आहे की तिथे समभाव पुरता मनात धरूनही माणसाला निवड करावीच लागते. एकाला उचलावे लागते आणि दुसऱ्याला आहे तिथे ठेवून पुढे जावे लागते. तो प्रसंग अपघाताच्या जागी पोचलेल्या रुग्णवाहिकेवरील माणसांचा. त्यातही जो हे काम नुकता शिकू लागला आहे, त्याला हा प्रश्न फार जाचतो. 'सारे जीव सारखे, तर मग आधी कोणाला?' या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न आपल्या दारापासून दूरचा नाही. १८ जुलै २०२४ ची गोष्ट. आदल्याच दिवशी आषाढी एकादशी झालेली. पंढरपूरहून परतणारे वारकरी जालना-राजूर रस्त्याने गावाकडे निघाले होते. त्यांची जीप रस्त्यालगतच्या विहिरीत पडली आणि सात जणांना प्राण गमवावे लागले. पंढरीचे दर्शन घेऊन आलेली माणसे घराच्या इतक्या जवळ येऊन अंतरली. त्या दिवशी कोणी काय केले, याचा न्यायनिवाडा आम्ही करीत नाही. परंतु अशा जागी पहिल्याने पोचणाऱ्या माणसाच्या जिवाची काय अवस्था होत असेल, हे मनात आणल्यावाचून राहवत नाही.

आपल्या महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तुळशीच्या माळेत मणी १०८ असतात, त्यामुळे हा आकडा आपल्या लोकांच्या तोंडी चटकन बसला. जालना जिल्ह्यात तालुके आठ. मंठा, परतूर, घनसावंगी या बाजूंची कित्येक गावे जालना शहरापासून लांब पडतात. जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले ते २०२४ साली. रुग्ण फार बाका असला तर त्याला साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यायची रीत पूर्वीपासूनची आहे. तात्पर्य, मोठा दवाखाना गाठेपर्यंत जे काही करायचे ते रस्त्याच्या कडेला, गाडीवरच्या दोन माणसांनी करायचे. निर्णयही तिथेच आणि तेव्हाच.

आता कल्पना करू. तिन्हीसांजेची वेळ आहे. शेतावरून परतणाऱ्या आठ माणसांची गाडी उलटली आहे. रुग्णवाहिका एक, तिच्यावर एक नवशिका आणि एक चालक. गाडी थांबते न थांबते तोच एक जण पाय धरून ओरडतो, 'अहो सायेब, आधी मला बघा, मेलो मी!' पलीकडे एक म्हातारी गप्प पडून आहे, पण तिचा भाता जोरात चालला आहे. एक पोरगा अजिबात हालत नाही. एवढ्यात जमलेल्यांपैकी कोणी बाही ओढून सांगतो, 'हे आमचे पाव्हणे आहेत, यांना पहिलं गाडीत घाला.' अशा वेळी त्या नवशिक्याने काय करावे?

मन म्हणते, जो ओरडतो त्याच्याकडे धाव. शास्त्र म्हणते, थांब. जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, त्याची वाट मोकळी आहे, त्याला शुद्ध आहे. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी बघ. म्हणून शिकणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवतात ती मोठ्याने हाक देण्याची. 'ज्यांना चालता येतं त्यांनी त्या लिंबाखाली जाऊन बसा!' जे उठून गेले त्यांना हिरवी खूण. ते थोडे थांबू शकतात. उरलेल्यांपैकी एकेकापाशी मिनिटभराहून कमी वेळ द्यायचा. श्वास चालत नसेल तर हनुवटी उचलून श्वासाची वाट मोकळी करून पाहायची. श्वास सुरू झाला तर लाल खूण, म्हणजे हा सर्वांत आधी. नाही झाला तर काळी खूण, आणि पुढच्याकडे जायचे. श्वास मिनिटाला तिसाहून अधिक असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. 'डोळे उघडा, हात दाबा' एवढे सांगितलेले कळत नसेल तर लाल. बाकीचे पिवळे. या फेरीत उपचार दोनच, श्वासाची वाट मोकळी करणे आणि भळभळा वाहणारे रक्त दाबून धरणे. ही रीत कॅलिफोर्नियात १९८३ साली बसवली गेली आणि पुढे जगभर पसरली. हिच्या मुळाशी असलेला विचार त्याहून जुना आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य दॉमिनिक लारे याने नियम घातला होता की, जखमींची पाळी जखमेवरून ठरेल, हुद्द्यावरून ठरणार नाही.

पहिल्या गाडीवरच्या माणसाला आणखी एक अवघड गोष्ट शिकवतात. पहिला रुग्ण हाती लागला की त्याला घेऊन निघून जायचे नाही. आधी सर्व पाहायचे, किती जण आणि कसे आहेत ते कळवायचे, आणखी गाड्या मागवायच्या. भोवती जमलेल्या लोकांना वाटते, 'हा नुसता फिरतोय, उचलत का नाही?' पण तो फिरतो म्हणूनच त्या गप्प म्हातारीचा भाता कोणाच्या तरी ध्यानात येतो.

आता कोणी शंका घेईल, 'सारे जीव हरीचीच रूपे, तर त्यांत निवड करणारे तुम्ही कोण?' शंका रास्त आहे. परंतु निवड करायची नाही असे ठरवल्याने निवड टळत नाही. ती दुसऱ्याच्या हाती जाते. मग जो जवळ पडला आहे, जो मोठ्याने ओरडतो, ज्याचे नातलग दांडगे आहेत, ज्याची ओळख आहे, त्याची पाळी आधी लागते. हा समभाव कसला? ही तर दांडगाईच झाली. आईला दोन लेकरे असतात. एक खेळणे मोडले म्हणून भोकाड पसरते आणि दुसरे तापाने निपचित पडलेले असते. आई निपचित पडलेल्याला आधी उचलते. म्हणून दुसऱ्यावर तिची माया कमी असे कोणी म्हणत नाही. विठ्ठलाला आपण माउली म्हणतो ते याच अर्थाने. सर्वांना एकाच वेळी सारखे वाढणे हा पंगतीतला समभाव झाला. रस्त्यावरचा समभाव वेगळा. तिथे गरजेवाचून दुसरे काहीही न पाहणे, जात, पैसा, नाते, ओळख, आवाज यांतले काहीच न पाहणे, हाच समभाव.

पैठणच्या नाथमहाराजांची कथा आपल्यांत घरोघर ठाऊक आहे. काशीहून रामेश्वराला न्यायचे गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. व्रत मोडले तरी जीव वाचवला. या कथेत आम्हांला एक गोष्ट विशेष वाटते. गाढवाने 'मला पाणी द्या' असे म्हटले नव्हते. नाथांनी पाहिले. पण वाचकहो, त्या कथेत तहानलेला जीव एकच आहे आणि कावड भरलेली आहे. आपल्या नवशिक्यापुढे तहानलेले आठ आहेत आणि कावडीत पाणी ओंजळभर. संतकथेतून दयेचा धडा मिळतो. ओंजळभर पाणी आठांत कसे वाटावे, याचे उत्तर मात्र दयेला विवेकाची जोड देऊन आपल्यालाच काढावे लागते.

दुसरी शंका याहून कठीण आहे. 'श्वास चालत नाही म्हणून त्या पोराला काळी खूण देऊन पुढे जायचे, हे पाप नव्हे काय?' येथे घाईने उत्तर देणे बरे नव्हे. पाच माणसे लाल असताना एकाच माणसाने त्या पोराच्या छातीवर दाब देत बसावे, तर तेवढ्या वेळात दुसरी दोन वाचण्याजोगी माणसे हातची जातील. म्हणून तो पुढे जातो. त्या पोराची किंमत कमी आहे असे त्याने ठरवलेले नसते. आपल्या दोन हातांना आत्ता काय साधेल, एवढेच त्याने ठरवलेले असते. आणि ही खूण दगडावरची रेघ नव्हे. पहिली फेरी संपली, दुसरी गाडी आली, की पुन्हा सर्वांकडे पाहायचे असते. हे सारे करूनही त्या माणसाला रात्री झोप येणार नाही. येऊही नये, असे आम्ही म्हणतो. पाप आणि दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाप त्याला लागत नाही. दुःख लागते, कारण त्याचे काळीज जागे आहे. घरच्यांनी आणि गावाने त्या दुःखात त्याची सोबत करावी. 'तू याला का सोडलंस?' असे विचारून त्यावर डाग देऊ नये.

तिसरी शंका आपल्यांत नेहमी ऐकू येते. 'ज्याची दोरी बळकट तो वाचेल, प्रारब्ध कोणाला चुकलंय?' प्रारब्ध असो वा नसो, ते कळते काम उरकल्यावर. आधी कळते ते फक्त कर्तव्य. प्रारब्धाचे नाव घेऊन हात आखडणाऱ्याने निदान एवढे ध्यानात घ्यावे की, त्या जखमीच्या प्रारब्धात आपले दोन हातही लिहिलेले असू शकतात.

या नियमांचा मूळ हेतू ध्यानात आला, की नियम कधी फिरतो तेही उमजते. मराठवाड्यात वळवाच्या पावसात शेतात वीज पडून माणसे दगावतात. एका झाडाखाली चार जण असले, दोघे कण्हत असले आणि दोघे निपचित असले, तर इथे आधी निपचितांकडे धावायचे. कारण विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय पुष्कळदा आपण होऊन पुन्हा चालू होते, पण श्वास थांबलेलाच राहतो, आणि श्वासावाचून ते हृदय पुन्हा बंद पडते. तेवढ्यात कोणी श्वास दिला, छाती दाबली, तर माणूस परत येण्याची आशा मोठी. कण्हणारे बहुधा जगतात. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विजेचा प्रवाह राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नये. विहिरीतून, नदीतून काढलेल्याचेही असेच. त्याला आधी हवी ती हवा. म्हणून तोंडाने श्वास देण्यापासून सुरुवात करायची आणि मग छाती दाबायची. एकीकडे श्वास नसलेल्याला सोडून जायचे आणि दुसरीकडे त्याच्याकडेच आधी धावायचे, हा विरोध वरवरचा आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो. माझ्या हातांनी या घडीला कोणाचा जीव राहील?

आणि येथेच या विषयाचे मर्म आहे. काळी खूण देण्याची वेळ येते, कारण हात कमी आणि जखमी जास्त. आठ जखमींमागे दोन हात असतील तर पोरगा मागे राहतो. तिथेच जमलेल्या पन्नासांपैकी चौघांना छाती दाबायला येत असेल तर तो मागे राहीलच असे नाही. म्हणजे ती खूण केवळ त्या नवशिक्याच्या हातून पडत नाही. न शिकलेल्या आपण सर्वांच्या हातून पडते. जो निर्णय आपण एका तरुण पोरावर टाकून मोकळे होतो, त्यातला अर्धा आपला आहे.

बरे, हे शिकणे अवघड नाही. माणसाला हाक मारून, हलवून पाहावे. उत्तर नाही आणि नीट श्वासही नाही, तर १०८ ला फोन लावावा. त्याला कठीण जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मध्यभागी तळहाताचा गड्डा टेकवावा, कोपर न वाकवता मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल दाबावे, आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यावी. ज्यांचे आयुष्य टाळ वाजवण्यात गेले, त्यांना लय धरायला कोणी शिकवावे लागणार नाही! पोलिसांच्या चौकशीचे भय बाळगून दूर उभे राहण्याचेही आता कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तसे कलमही आले.

तेव्हा आमचे मागणे थोडे आहे. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. त्यांतला एक तास आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना किंवा १०८ वरील मंडळींना बोलावून या शिकण्याला द्यावा. प्रत्येक दिंडीत चार तरी माणसे शिकलेली असावीत. आणि अपघाताच्या जागी रुग्णवाहिका आली, की त्या शिकणाऱ्या पोराची बाही ओढू नये. 'आमचं माणूस आधी' असे म्हणण्याऐवजी 'दादा, आम्ही काय धरू ते सांगा' असे म्हणावे. आपले माणूस पिवळ्या खुणेचे ठरले आणि परक्याचे लाल, तर त्या वेळी आपला समभाव खरा की तोंडचा, ते कळेल. कीर्तनात मान डोलावणे सोपे असते. आपल्या माणसाशेजारी बसून परक्यासाठी वाट मोकळी करून देणे कठीण आहे. पण आधी कोणाला, या प्रश्नाचे उत्तर एकट्या त्या पोराला द्यावे लागू नये असे वाटत असेल, तर तेवढे आपल्याला करावेच लागेल.