अभय : गुण कीं दान ?

गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. तेथें अभय हा अंतःकरणाचा गुण आहे. परंतु आपल्याच परंपरेनें अभयाला दानांतही स्थान दिलें आहे. आणि दान म्हटलें कीं देणारा दुसरा कोणी असावा लागतो. या दोन अर्थांचा संबंध काय, हा प्रश्न केवळ शब्दपंडितांचा नव्हे.

शिरूर तालुक्यांत पिंपरखेड-जांबूतच्या परिसरांत २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत महिन्याच्या आंत बिबट्यानें दोन बालकांचे व एका वृद्धेचे प्राण घेतले. पुढें तेथील माणसें शेतांत जातांना गळ्यांत खिळ्यांचे पट्टे घालूं लागलीं. भीमाकांठच्या दौंड तालुक्यांतील उसांतही या श्वापदाचा वावर आहे. आणि वीज रात्रीं आली कीं शेतकऱ्यास रात्रींच दारें धरावयास जावें लागतें.

अशा माणसाच्या देहांत काय घडतें, तें वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत विशद केलें. भय उत्पन्न होतांच मज्जासंस्थेच्या प्रेरणेनें अॅड्रेनॅलिन रक्तांत उतरतें, हृदय जलद चालतें, पचन मंदावतें, रक्त स्नायूंकडे वळतें. संकट टळलें कीं देह पूर्ववत् होऊं लागतो. ही योजना भ्याडपणाची नव्हे, जीवरक्षणाची आहे. मात्र ती घटकाभरासाठीं आहे. उसांतील सळसळ वाऱ्याची कीं श्वापदाची हें जेथें कळत नाहीं, तेथें ‘संकट टळलें’ ही ग्वाही देहास मिळतच नाहीं. मग झोप उडते, मन चिडतें, विचार आंखुडतो.

त्याला ‘सहजीवन शिका’ असा उपदेश आम्ही नगरवासी दिव्याच्या उजेडांत, दार लावून करतों. आमची शांति हें आमचें धैर्य नसून दुसऱ्यांनीं पुरविलेली सोय आहे, याचा आम्हांस विसर पडतो. भयग्रस्ताची प्रत्येक मागणी न्याय्य असते, असें आमचें म्हणणें नाहीं. भय संकट ओळखतें, पण न्याय करूं शकत नाहीं. उसांत जन्मलेला बिबट्याही कांहीं अपराधी नव्हे. म्हणूनच ज्यांचें चित्त स्वस्थ आहे त्यांच्यावर अधिक भार पडतो : मोटारीला दिवसां वीज, वस्तीवर उजेड, बंदिस्त गोठा, शाळेच्या वाटेवर मुलांना सोबत. आईच्या कुशींत निर्धास्त झालेलें मूलच पुढें अंगणांत एकटें खेळतें. अभय हा गुण खराच; परंतु तो बहुधा आधीं कोणीतरी दिलेल्या दानांतून उगवतो. तें दान न देतां गुणाची अपेक्षा करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.