मुलगा म्हणण्याची किंमत

कुटुंबांतील गुपित हें कादंबरीकारांचें फार जुनें भांडवल आहे. पेटींतून निघालेलें जीर्ण पत्र, मरतेसमयीं दाईनें दिलेली कबुली, दंडावरची जन्मखूण, ह्यांवर कित्येक कथानकें उभीं राहिलीं आणि वाचकांनीं तीं आवडीनें वाचलीं. अशा कथेंत उलगडा झाला कीं कथा संपते. जें ठाऊक नव्हतें तें ठाऊक झालें, एवढाच तिचा कार्यभाग. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून जें कथावाङ्मय निर्माण झालें त्यांतही असलीं गुपितें पुष्कळ. पण तीं वाचतांना वेगळीच अस्वस्थता वाटते. येथें गुपित फुटतें तेव्हां पुष्कळदां कोणालाच फारसें नवें कळलेलें नसतें. बाप जाणतो, त्याची बायको जाणते, स्वयंपाकीण जाणते, आणि ज्या पोराच्या चेहऱ्यावर बापाचा चेहरा उमटला आहे तें पोरही जाणतें. मग लपविलें आहे तें काय, आणि कोणापासून? हा प्रश्न मला वाङ्मयाचा कमी आणि नीतीचा अधिक वाटतो.

त्याचीं मुळें कायद्यांत आहेत. व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत असतांना तेथील विधिमंडळानें १६६२ सालीं असा निर्बंध केला कीं, मूल गुलाम कीं स्वतंत्र हें आईच्या स्थितीवरून ठरावें. इंग्रजी रूढींत मूल बापाच्या मागून जाई. येथें तें उलट केलें. ह्याचा परिणाम असा झाला कीं, मालकाला दासीपासून झालेलें मूल त्याच्या वंशांत न जातां त्याच्या जिंदगींत जमा होऊं लागलें. ज्या कृत्याची लाज वाटावी तेंच कृत्य लाभाचें ठरलें, आणि ही सोय पुढें दोनशें वर्षें टिकली.

मार्क ट्वेननें १८९४ सालच्या 'पुडनहेड विल्सन' ह्या कादंबरींत ह्याच गणिताची क्रूर चेष्टा केली आहे. त्यांतील रॉक्सी ही दासी दिसावयास गोरी. तिच्या सोळा अंशांपैकीं एक काळा, तिच्या मुलाच्या बत्तिसांपैकीं एक. तरी दोघेही गुलाम. आपला मुलगा विकला जाईल ह्या भयानें ती त्याला मालकाच्या मुलाच्या पाळण्यांत ठेवते आणि मालकाच्या मुलाला आपल्या. पुढें सत्य बाहेर पडतें तेव्हां हा खोटा धनी खुनी ठरलेला असतो; परंतु त्याला जन्मभर तुरुंगांत ठेवणें म्हणजे चांगली मालमत्ता वायां घालविणें, असा धनकोंचा आक्षेप येतो, आणि अखेर त्याला माफी देऊन विकण्यांत येतें. शिक्षा भोगण्यापुरतेंही त्याला माणूस म्हणून राहूं दिलें नाहीं! ह्या मुलाचा बाप कोण, हें ट्वेन ओझरतें सांगून पुढें जातो. त्या गांवांतही तें कोणी विचारलें नसतेंच. केट शोपॅनच्या १८९३ सालच्या 'देझिरेचें मूल' ह्या कथेंतील पत्राचा धक्का मोठा आहे. पण तो धक्काच आहे, एकदां बसला कीं ओसरतो.

ह्या सर्वांपेक्षां विल्यम फॉक्नरला गोष्टीचा गाभा अधिक दिसला असें माझें मत आहे. तो १८९७ सालीं मिसिसिपींत जन्मला. त्याचा पणजोबा यादवी युद्धांत दक्षिणेच्या बाजूनें लढलेला कर्नल आणि गुलामांचा धनी. म्हणजे फॉक्नर लिहीत होता तें स्वतःच्या ओसरीवर बसून. त्याच्या 'ॲबसॅलम, ॲबसॅलम!' (१९३६) ह्या कादंबरींत थॉमस सटपेन नांवाचा मनुष्य रानांतून मळा उभा करतो आणि घराणें स्थापूं पाहतो. घरांत क्लायटी नांवाची त्याची मुलगी आहे, दासीपासून झालेली. तिची मुद्रा थेट बापाची, आणि तें कोणी लपवीत नाहीं. क्लायटी हें गुपित नव्हे, कारण तिला कांहीं मागतां येत नाहीं. गुपित आहे तो चार्ल्स बॉन. सटपेननें हेटी बेटांत लग्न केलेल्या पहिल्या बायकोचा हा मुलगा. तिच्या अंगीं काळ्या रक्ताचा अंश आहे असें कळतांच सटपेननें तिला टाकून दिलें. बॉन विवाहांतून जन्मला आहे, म्हणून त्याला घराण्याचा मुलगा म्हणतां येईल. आणि म्हणतां येईल म्हणूनच म्हणावयाचें नाहीं.

पुढें हा बॉन सटपेनच्या औरस मुलाचा, हेन्रीचा, जिवलग मित्र होतो आणि त्याच्या बहिणीशीं बॉनचें लग्न ठरतें. बॉनला मळा नको, पैसा नको. बापानें एकदां ओळखीची खूण दाखविली असती तर तो निमूटपणें निघून गेला असता, असें ही कथा जुळविणारे दोन तरुण समजतात. (हें असें सांगणें भाग आहे, कारण कादंबरींतील बराचसा वृत्तांत १९१० च्या हिवाळ्यांत हार्वर्डच्या एका गारठलेल्या खोलींत बसलेल्या दोघां विद्यार्थ्यांच्या तर्कावर उभा आहे.) ती खूण येत नाहीं. युद्ध संपतां संपतां हेन्री आपल्या ह्या सावत्र भावाला बंगल्याच्या फाटकाशीं गोळी घालतो. भावाबहिणीचें लग्न होत आहे हें त्यानें कसेंबसें गिळलें होतें. भावाच्या अंगांत काळें रक्त आहे हें त्याच्या घशाखालीं उतरलें नाहीं.

तथापि माझ्या प्रश्नाच्या दृष्टीनें 'गो डाउन, मोझेस' (१९४२) हें पुस्तक अधिक मोलाचें आहे. त्यांतील आयझॅक मॅकॅस्लिन सोळा वर्षांचा असतांना एके रात्रीं मळ्यावरील कोठीच्या जुन्या हिशेबाच्या वह्या उघडतो. वह्या त्याच्या बापाच्या आणि चुलत्याच्या हातच्या. धान्य, अवजारें आणि माणसें, सर्व एकाच शाईनें लिहिलेलीं. युनिस, १८०७ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें ६५० डॉलरांस घेतली. तिची मुलगी टोमासिना. युनिस १८३२ च्या नाताळांत, ऐन सणाच्या दिवशीं, ओढ्यांत बुडून मेली. पुढल्या जूनमध्यें टोमासिना बाळंतपणांत वारली. मुलगा टेरेल जगला. दोघे भाऊ वहींतच एकमेकांशीं वाद घालतात. एकाचें म्हणणें तिनें जीव दिला. दुसऱ्याला तें खरेंच वाटत नाहीं, गुलाम कशाला जीव देईल? आयझॅक तारखा एकीपुढें एक मांडतो आणि त्याला उमगतें: टोमासिना ही आपल्या आजोबाची मुलगी होती, आणि टेरेल हाही आजोबाचाच मुलगा. युनिसनें जीव कां दिला हें कोणी लिहून ठेविलें नव्हतें. तें तारखांनीं सांगितलें.

आजोबानें मृत्युपत्रांत त्या मुलाला १००० डॉलर ठेविले होते. ह्याला औदार्य म्हणावें काय? आयझॅकचें अनुमान कठोर आहे आणि मला तें पटतें: काळ्या माणसाला मुलगा म्हणण्यापेक्षां हजार डॉलर स्वस्त पडले, शिवाय तेही स्वतःच्या हातानें द्यावयाचे नव्हते, मागें राहणाऱ्यांनीं द्यावयाचे होते. पैसा दिला म्हणजे देणारा व घेणारा एकमेकांपासून मोकळे होतात, पावती होते, हिशेब मिटतो. 'मुलगा' हा शब्द दिला कीं हिशेब सुरू होतो. त्या शब्दामागून जेवणाची पंगत येते, सुतक येतें, भाऊबहीण येतात, शेजारच्या थडग्याची जागा येते. म्हणून तो शब्द इतका महाग.

एकविसाव्या वर्षीं आयझॅक हा सारा वारसा सोडून देतो आणि सुतारकाम करून राहतो. आजोबाची रक्कम टेरेलनें घेतलीच नव्हती; त्याच्या मुलांना ती पोंचविण्यासाठीं आयझॅक वणवण करतो. थोरला जेम्स निघून गेला, सांपडत नाहीं. मुलगी आर्कान्सांत सांपडते. तिची रक्कम बँकेंत ठेवून दरमहा तीन डॉलर तिच्या हातीं पडतील अशी तजवीज होते. धाकटा लूकस मात्र स्वतःच येऊन उभा राहतो आणि माझे पैसे द्या म्हणतो. मला ह्या सर्व पुस्तकांत लूकसची ती मागणी फार आवडते. तींत लाचारी नाहीं आणि कृतज्ञताही नाहीं.

आपल्याकडील वाचकाला त्याग हा शब्द प्रिय आहे. त्यागानें पूर्वजांचें पाप धुतलें जातें असें आपण सहज धरून चालतों. फॉक्नर तसें धरूं देत नाहीं. आयझॅकनें सोडलेला मळा दुसऱ्या शाखेकडे जातो. त्या शाखेंतील रॉथ एडमंड्स ह्याची आई त्याच्या जन्माच्या वेळींच वारली, म्हणून लूकसच्या बायकोनें, मॉलीनें, त्याला आपल्या हेन्रीबरोबर अंगावर पाजलें. दोघे दूधभाऊ, एका अंथरुणांत निजणारे. सात वर्षांचा असतांना एके रात्रीं रॉथनें हेन्रीला आपल्या बिछान्यावर घेतलें नाहीं. मागाहून तें त्याला सोसेना, बोलतां तर येईना. म्हणून एके दिवशीं तो मॉलीकडे जेवावयास गेला. तिनें पान मांडलें, एकट्याचें.

हाच रॉथ पुढें मोठा होतो, आणि म्हाताऱ्या आयझॅकच्या शिकारीच्या तंबूंत एक तरुण स्त्री रॉथचें मूल कडेवर घेऊन येते. रॉथनें तिच्यासाठीं नोटांचें पाकीट ठेवून दिलें आहे. ती आयझॅकला काका म्हणून हाक मारते. बोलतां बोलतां कळतें कीं, निघून गेलेल्या जेम्सची ही नात. म्हातारा क्षणभर तिच्या हाताला स्पर्श करतो. घरचें रक्त घरीं परत आलें आहे, हें त्याला कळतें. पण तोंडावाटे काय निघतें? उत्तरेकडे जा, आपल्या जातींतला नवरा कर, हें विसरून जा. पाकीट तिच्या पुढें सारलेलें असतें. मुलासाठीं तो एक जुनें शिकारी शिंग देतो, तेवढेंच काय तें वारशासारखें. ती त्याला दोन गोष्टी ऐकविते. प्रेम म्हणून कांहीं असतें ह्याची तुम्हांला आठवण तरी आहे काय, ही एक. दुसरी अधिक झोंबणारी: रॉथ बिघडला तो तुम्हीं त्याच्या आजाला जमीन देऊन टाकलीत म्हणून. त्यागानें आयझॅक जमिनीपासून सुटला, जमीन कांहीं सुटली नाहीं. आणि जो शब्द आजोबानें गिळला तोच नातवानेंही गिळला. हा निर्णय आयझॅकवर अन्याय करणारा आहे असें कोणी म्हणेल. असेल, पण पाकीट तेंच आहे.

आतांपर्यंत आपण सारें गुपित राखणाऱ्यांच्या अंगणांतून पाहिलें. युनिसला ह्या पुस्तकांत कांहीं नोंदी आहेत, वाचा नाहीं. फॉक्नरच्या थोरवीची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. चार्ल्स चेस्नट हा दिसावयास गोरा, परंतु स्वतःस कृष्णवर्णीच म्हणविणारा लेखक. त्याच्या 'द हाउस बिहाइंड द सीडर्स' (१९००) ह्या कादंबरींत गुपित राखावें लागतें तें मुलांना. गोऱ्या बापाचीं हीं मुलें परगांवीं गोरीं म्हणून राहूं पाहतात. बापाच्या मौनानें मालमत्ता राखली जाते, मुलांच्या मौनानें केवळ जीव. दोन्ही मौनांना एकच नांव देणें मला न्यायाचें वाटत नाहीं.

१८७३ सालीं ओहायोंतील एका वृत्तपत्रांत मॅडिसन हेमिंग्ज नांवाच्या सुताराची हकीकत छापून आली. आपला बाप अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफर्सन. आई सॅली ही त्याची दासी आणि त्याच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीणही, असें त्यानें साध्या शब्दांत सांगितलें. त्याला तें गुपित नव्हतेंच. आईनें सांगितलेली घरची गोष्ट होती. त्याच वर्षीं आपल्याकडे जोतीराव फुल्यांचें 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालें, आणि गुलामांना दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना त्यांनीं तें अर्पण केलें. त्या सुताराची वार्ता फुल्यांच्या कानीं जाण्याचें कारण नव्हतें. दास्य सुटल्यावरही काय बाकी राहिलें, तें मात्र त्यानें त्याच सालीं सांगून ठेविलें होतें. पुढें शंभरावर वर्षें बहुतेक इतिहासकारांनीं त्याचें म्हणणें बाजूस सारलें. १९९८ सालीं त्याच्या धाकट्या भावाच्या वंशजाच्या रक्ताची परीक्षा होऊन जेफर्सनच्या घराण्याशीं नातें जुळलें, तेव्हां मतें पालटूं लागलीं. साक्ष पहिल्यापासून होती; साक्षीदाराला कोणी साक्षीदार मानलें नव्हतें.

फॉक्नरचे हजार डॉलर कोणास कादंबरींतील अतिशयोक्ति वाटत असतील, तर त्यानें साउथ कॅरोलायनाकडे पाहावें. तेथील स्ट्रॉम थर्मंड हा १९४८ सालीं वर्णभेदाच्या रक्षणासाठीं अध्यक्षपदाला उभा राहिला, पुढें अनेक वर्षें सेनेटर होता, आणि २००३ च्या जूनमध्यें शंभर वर्षांचा होऊन वारला. त्याच डिसेंबरांत एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स ह्या ७८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेनें आपण त्याची मुलगी असल्याचें जाहीर केलें. तिची कृष्णवर्णी आई थर्मंडच्या घरीं कामाला होती, आणि मुलगी झाली तेव्हां १६ वर्षांची होती. थर्मंड ह्या मुलीला भेटत असे, वर्षानुवर्षें पैसे देत असे. तो जिवंत असेपर्यंत तीही जाहीरपणें बोलली नाहीं. कोलंबिया शहरांत विधिमंडळाच्या आवारांत त्याचा पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्यावर तो चार मुलांचा बाप असल्याचें कोरलें होतें. २००४ सालीं 'चार' हा शब्द बुजवून त्या जागीं 'पांच' कोरला आणि इतर चौघांच्या नांवांखालीं तिचें नांव घातलें. जवळ जाऊन पाहिलें तर दगडांतील ती बुजविलेली जागा ओळखूं येते.